बाळंतविडा घरच्या घरी: पहिली लोकरीची टोपी आणि डिंकाचे लाडू

घरात बाळ येणार म्हटलं की दोन कामं कुणाच्या तरी अंगावर येतात, एक विणायचं आणि एक लाडवांचं. पूर्वी आजी, मावशी, काकू यांच्यात ती न बोलता वाटली जायची. आता बाळंतविडा पारदर्शक पिशवीत तयार मिळतो. त्यातली टोपी बाळाच्या डोळ्यांवर तरी येते नाहीतर डोक्यावर बसत तरी नाही. विकतच्या लाडवांत डिंक किती आणि साखर किती, हे बांधणाऱ्यालाच ठाऊक.

ज्यांनी सुया कधी हातात धरल्या नाहीत आणि डिंक तळताना फक्त लांबून पाहिलाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. होणारे बाबाही यात आले. लाडू वळायला मोठा तळहात असलेला बराच.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. विणकाम तुटक वेळात होतं. दहा मिनिटं आत्ता, पंधरा रात्री, असं केलं तरी काही बिघडत नाही. लाडवांचं तसं नाही. गूळ एकदा वितळला की लाडू वळून होईपर्यंत उठायची सोय नाही. म्हणून आधी विणकाम संपवा, मग लाडवांना हात घाला, आणि दोन्ही एकाच दिवशी तर मुळीच नकोत. लोकरीला तुपाचा हात लागला की तो वास धुऊनही रेंगाळतो, आणि ती टोपी बाळाच्या नाकापासून चार बोटांवर असणार आहे.

कधी काय करायचं

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की लोकर आणा. खरी मुदत बारशाची, म्हणजे जन्मानंतरचा बारावा दिवस. पण बाळं तारखा पाळत नाहीत, म्हणून आठव्या महिन्याअखेर टोपी हातावेगळी झालेली बरी. काही घरांत जन्माआधी बाळासाठी नवं काही आणत नाहीत, पहिले दिवस जुन्या मऊ धोतराची किंवा साडीची दुपटी वापरतात. तुमच्याकडे तसं असेल तर वाद घालू नका. सराव दुसऱ्या कशावर तरी करून हात बसवून ठेवा आणि टोपी जन्मानंतर घ्या. हात बसलेला असेल तर ती बारशापर्यंत आरामात होते.

डिंक, खारीक, खोबरं नवव्या महिन्यात आणून ठेवा. लाडू बाळंतपणाच्या तारखेच्या आठवडाभर आधी किंवा बाळबाळंतीण घरी आल्यावर करा. महिनाभर आधी करून ठेवले तर ते येणारेजाणारेच संपवतात.

लोकर आणि सुया

आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. बाळासाठी ते चालतं, कारण ते टोचत नाही आणि वारंवार धुता येतं. पुण्यात तुळशीबागेत, मुंबईत दादरला किंवा तुमच्या गावच्या लेस-बटणांच्या दुकानात 'बेबी वूल' मागा, चारपदरी. गुंडा हातात घेऊन मानेवर, कानाखाली घासून बघा. तिथे खाजलं तर ठेवून द्या, रंग कितीही आवडला तरी. केसाळ, फर लोंबणारी किंवा जरीची लोकर नकोच. तिचे तंतू बाळाच्या तोंडात जातात. एका टोपीला साधारण ३० ग्रॅम लोकर लागते, म्हणून ५० ग्रॅम पुरेशी. रंग फिका घ्या. गडद लोकरीवर टाके दिसत नाहीत आणि शिकताना टाके दिसणं हेच तर सगळं आहे.

सुया १० नंबरच्या घ्या. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, हे दुकानात लक्षात असू द्या. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. जवळ एक ९ आणि एक ११ नंबरची जोडीही असू द्या, का ते पुढे येईल. शिवाय मोठ्या नेढ्याची बोथट सुई, मोजपट्टी आणि निसटलेले टाके उचलायला क्रोशाची सुई.

कोकणात किंवा मुंबईत एप्रिल-मे मध्ये बाळ येणार असेल तर लोकरीचा हट्ट सोडा आणि हाच नमुना मऊ सुती धाग्यात विणा. नाशिक, पुणे, सातारा आणि डिसेंबर असेल तर लोकरच.

हात बसवणं

सुरुवात सरकगाठीने. ती डाव्या सुईवर चढवा. उजवी सुई त्या फासात पुढून मागे घाला, लोकरीचा वळसा उजव्या सुईच्या टोकावर द्या आणि तो वळसा फासातून पुढे ओढून घ्या. आता हा नवा फास डाव्या सुईवर चढवा. झाले दोन टाके. असंच करत वीस टाके घाला. टाके घालायच्या आणखीही रीती आहेत, काही झटपट आहेत. पण ही शिकलात की सुलट टाका फुकट येतो. कृती तीच, फक्त नवा फास डाव्या सुईवर न चढवता उजवीवर ठेवायचा आणि जुना टाका डावीवरून सोडून द्यायचा.

उलट टाक्याला लोकर आधी आपल्याकडे, पुढे घ्या. सुई टाक्याच्या पुढच्या बाजूने उजवीकडून डावीकडे घाला, वळसा द्या आणि मागे ढकलून बाहेर काढा. एवढंच. जगातलं सगळं विणकाम या दोन टाक्यांवर उभं आहे.

पहिल्या वीस टाक्यांवर दहा-बारा ओळी नुसत्या सुलट विणा. हाताने ताण कसा धरायचा ते इथे कळतं. नवशिके लोकर इतकी आवळतात की पुढच्या ओळीत सुई शिरत नाही. लोकर करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून सोडा, म्हणजे ती एकसारखी सरकते. मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट करा. एका बाजूला 'व्ही' आकाराच्या रांगा दिसतील, दुसरीकडे आडव्या गाठी. व्ही म्हणजे सुलट, गाठ म्हणजे उलट. हे नजरेत बसवा, कारण पुढे कागदावरचं कोष्टक हरवलं तरी विणकाम स्वतःच सांगतं पुढे काय ते.

ओळ अर्धवट टाकून उठू नका. उठावंच लागलं, दूधवाला आला, कुकरची शिट्टी झाली, तर परत आल्यावर बघा: गुंड्याची लोकर ज्या सुईतून लोंबते आहे ती उजव्या हातात.

आता माप. हे लोक टाळतात आणि मग टोपी आजोबांना येते. ३२ टाके घाला, एक ओळ सुलट एक उलट असं ६-७ सेंमी विणा, सपाट ठेवून मधल्या ५ सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. १४ आले की झालं. १६ आले तर तुमचा हात घट्ट आहे, ९ नंबरच्या सुया घ्या. १२ आले तर सैल, मग ११ नंबर. हात बदलायचा प्रयत्न करू नका, सुया बदला.

टोपी

नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंमी असतो. ही टोपी ३१ सेंमीच्या आसपास होते आणि ताणून नीट बसते. पहिले दोन महिने तरी पुरते.

८८ टाके घाला. दोनदा मोजा, दर वीस टाक्यांनंतर वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा अडकवलात तर सोपं जातं.

मग बॉर्डर: २ सुलट, २ उलट, असं ओळ संपेपर्यंत. ८८ ला ४ ने भाग जातो, त्यामुळे प्रत्येक ओळ २ सुलटने सुरू होते आणि २ उलटने संपते, दोन्ही बाजूंनी. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. सुलट विणताना लोकर मागे हवी आणि उलट विणताना पुढे, आणि ती नेताना दोन सुयांच्या मधून न्यायची, सुईवरून नाही. सुईवरून नेली की एक जादा टाका तयार होतो आणि तिसऱ्या ओळीपर्यंत ८८ चे ९३ होतात. म्हणून पहिल्या पाच-सहा ओळी तरी दर ओळीनंतर मोजा. ३ सेंमी बॉर्डर झाली की थांबा.

पुढे सुलट बाजूने सगळे सुलट, मागून सगळे उलट. सुरुवातीपासून एकूण उंची १० सेंमी होईपर्यंत. हा भाग मालिका बघत करण्यासारखा आहे. टाका निसटला आणि खाली शिडी पडली तर घाबरून सुया बाहेर काढू नका. क्रोशाची सुई निसटलेल्या टाक्यात घाला आणि शिडीची एकेक पायरी सुलट बाजूने त्यातून ओढत वर या.

आता डोक्याचा गोल. मागची ओळ नेहमी सगळी उलट. पुढच्या ओळी अशा:

१. ६ सुलट, २ एकत्र सुलट, शेवटपर्यंत. उरले ७७.
२. ५ सुलट, २ एकत्र. ६६.
३. ४ सुलट, २ एकत्र. ५५.
४. ३ सुलट, २ एकत्र. ४४.
५. २ सुलट, २ एकत्र. ३३.
६. १ सुलट, २ एकत्र. २२.
७. सगळे दोन-दोन एकत्र. ११.

यातल्या प्रत्येक दोन ओळींच्या मधे ती एक उलट ओळ आहे, ती विसरू नका. विसरलात तर टोपी वर आखडेल आणि उथळ होईल. '२ एकत्र' म्हणजे सुई दोन टाक्यांतून एकदम घालून एकच सुलट टाका विणणं. आकडे जुळले नाहीत तर तीच ओळ उलगडा, तसंच पुढे रेटू नका.

शेवटी लोकर ४० सेंमी सोडून कापा, बोथट सुईत ओवा, उरलेल्या ११ टाक्यांतून फिरवा, सुया काढा आणि घट्ट ओढा. त्याच धाग्याने बाजूची शिवण घाला. कडा एकीवर एक न चढवता शेजारी शेजारी ठेवून एक टाका इकडचा, एक तिकडचा घ्या. शिवण मागे येते आणि बाळ तर पाठीवरच असतं, तेव्हा ती जाड झालेली चालत नाही. धाग्याचं टोक आत चार-पाच टाक्यांतून फिरवून मग कापा.

वर गोंडा, मणी, बटण नको. हनुवटीखाली बांधायची नाडीही नको, टोपी ताणून बसते. उरलेल्या लोकरीचे मोजे कराल तर आतून एकही लोंबता धागा ठेवू नका. तो इवल्या बोटाभोवती गुंडाळला गेला की बोट सुजतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि आडवी पसरून वाळवा. दोरीवर टांगली तर लांबते. इस्त्री अजिबात नाही, ॲक्रिलिक उष्णतेने मरतं. ठेवताना कपाटातल्या डांबरगोळ्यांपासून लांब ठेवा. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात आणि मोठी कावीळ होते. ॲक्रिलिकला कसर लागतही नाही. वास हवाच असेल तर वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून ठेवा.

टोपी बाहेर नेताना, थंडीत, एसीत. घरात उबदार असेल तर झोपताना काढून ठेवा. लहान बाळ जादा उष्णता डोक्यावाटेच टाकतं.

डिंकाचे लाडू

पंचवीस-तीस लाडवांचं प्रमाण: खायचा डिंक १०० ग्रॅम, सुकं खोबरं २०० ग्रॅम किसून, खारीक पूड २०० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, गूळ २५० ग्रॅम, साजूक तूप २०० ते २५० ग्रॅम, सुंठ पूड एक चमचा, अर्धं जायफळ, आठ-दहा वेलदोडे. गोडंबी आवडत असेल तर ५० ग्रॅम. ती बिब्ब्याच्या आतली, नेहमी सोललेली, स्वच्छ केलेली विकत आणा आणि चाखून घ्या, लवकर खवट होते.

डिंक बाभळीचा किंवा धावड्याचा. दुकानात शेजारीच गोंद कतीरा असतो, तो उचलू नका. तो पाण्यात फुगतो, तुपात नाही. गूळ साधा, मऊ घ्या. चिक्कीच्या गुळाचे लाडू दगड होतात. खारीक घरी कुटणं ही शौर्याची गोष्ट आहे, मिक्सरचं पातं जातं. ताजी पूड विकत आणा आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

आदल्या दिवशी डिंक उन्हात पसरा. काड्या, माती निवडा आणि मोठे खडे हरभऱ्याएवढे फोडा. सगळं यश याच्यात आहे. मोठा खडा वरून फुलतो, आतून कच्चा राहतो आणि मग दाताला असा चिकटतो की खाणारी दुसरा लाडू मागत नाही.

लहान खोलगट कढईत तूप तापवा, आच मध्यम. एक खडा टाकून बघा: तो तडतडत फुलून पांढरा झाला पाहिजे. लगेच लाल झाला तर तूप फार तापलंय, नुसता पडून राहिला तर कमी. मग मूठभर-मूठभर तळा, सतत हलवत. दुप्पट-तिप्पट फुलतो, म्हणून कढई भरू नका. थंड झाल्यावर एक खडा बोटांत चुरा. कुरकुरीत भुगा झाला की तळला गेला. आत काचेसारखा कण लागला तर परत तुपात. गार डिंक वाटीच्या बुडाने जाडसर रगडा. पीठ करू नका, दाताखाली यायला हवा.

बाकीचं भाजणं सगळं मंद आचेवर. खोबरं गुलाबीसर होऊन हाताने चुरेल इतकं. खसखस कोरडी, वास सुटेपर्यंत. बदाम थोड्या तुपात परतून जाडसर कुटा. खारीक पूड सगळ्यात शेवटी, चमचाभर तुपात दोन मिनिटं, कढईजवळून न हलता. ती जळाली की सगळा घाणा कडू. हे सारं परातीत एकत्र करा, सुंठ, जायफळ, वेलदोडा घाला. इथे थांबायला हरकत नाही. झाकून ठेवा, चहा घ्या, फोन घ्यायचा असेल तर आत्ताच.

पुढचं एका दमात. चिरलेला गूळ, दोन चमचे तूप आणि फार तर दोन चमचे पाणी जाड बुडाच्या भांड्यात ठेवा. गूळ वितळला आणि सगळ्या पृष्ठभागावर बुडबुडे आले की गॅस बंद. पाक करायचा नाही, तार बघायची नाही. तार आली म्हणजे लाडू फोडायला बत्ता लागणार. लगेच परातीत ओता, उलथन्याने कालवा. हाताला सोसवेल इतपत निवलं की वळायला बसा. घरातल्या सगळ्यांना बोलवा, पण छोट्या मुलांना पहिली पाच मिनिटं लांब ठेवा, गरम गूळ हाताला चिकटून राहतो आणि भाजतो.

वळत नसेल, सुटत असेल, तर दोन चमचे गरम तूप. वळता वळता गार पडलं तर परात मंद आचेवर मिनिटभर धरा. तरीही हट्टाने विस्कटलं तर तसंच डब्यात भरा आणि वाटीत घेऊन दुधाबरोबर द्या, चवीत काही फरक नाही.

पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा. कोरड्या हाताने काढले तर बाहेर महिनाभर राहतात, पावसाळ्यात फ्रिजमध्ये. सकाळी एक, दुधाबरोबर, एवढं पुरे. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गूळ म्हणजेही साखरच.

अळिवाचे

हे सोपे आहेत. अर्धी वाटी अळीव एक वाटी नारळपाण्यात दोन-तीन तास भिजवा, बुळबुळीत होऊन फुगतील. त्यात तीन वाट्या ओलं खोबरं आणि दीड वाटी गूळ घालून गोळा कडा सोडेपर्यंत शिजवा, जायफळ लावा, वळा. अळिवात लोह भरपूर असतं. गरोदरपणात मात्र देत नाहीत, बाळंतपणानंतरच. ओलं खोबरं असल्यामुळे हे फ्रिजमध्येही चार-पाच दिवसच टिकतात, तेव्हा थोडे करा आणि परत करा.

लेक परदेशी असेल तर

डिंकाचे लाडू प्रवासाला चांगले, अळिवाचे नाहीत. निघण्याआधी त्या देशाचे खाण्याच्या वस्तूंचे नियम बघा. दुबई-अबुधाबी, सिंगापूर किंवा सौदी अरेबियात जाणार असाल तर खसखस पूर्ण वगळा, तिथे तिच्यावर बंदी आहे आणि लाडवात घातली म्हणून ती माफ होत नाही. तिच्याऐवजी तेवढेच भाजलेले तीळ घाला. प्रत्येक लाडू बटर पेपरमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात गच्च बसवा, म्हणजे हलून फुटत नाहीत. टोपी त्या डब्याजवळ ठेवू नका, हातातल्या पर्समध्ये घ्या. बॅग उशिरा पोचली तरी बारशाला टोपी असेल.